ओव्हरटाइम : दुप्पट कशाच्या?

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

गेल्या जुलै महिन्यात अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर 'वेतन' हा एकच शब्द लिहिला आणि वर्गाला विचारले, "तुमच्यापैकी किती जणांनी घरातल्या माणसाची पगाराची चिठ्ठी वाचली आहे?" एकही हात वर झाला नाही. माझाही नाही. माझे वडील एका फाउंड्रीत एकोणीस वर्षे काम करतात, म्हणजे माझे जेवढे वय तेवढी त्यांची नोकरी. दर महिन्याची चिठ्ठी घरातल्या फळीवर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडते आणि तिथेच राहते. आईला रक्कम तेवढी ठाऊक असते, कारण दुकानदाराची वही तिच्याकडे असते. त्या संध्याकाळी मी डबा खाली काढला आणि सर्वांत वरची, जून २०२५ ची चिठ्ठी वाचायला घेतली.

तीत लिहिले होते : मूळ वेतन ९,३६० रुपये, महागाई भत्ता ३,९०० रुपये, घरभाडे व प्रवास भत्ता मिळून २,३४० रुपये. एकूण १५,६०० रुपये. त्याखाली वेगळी ओळ होती : 'ओ.टी. ३६ तास, दुप्पट दराने, ३,२४० रुपये.' पुढे फंडाची वगैरे कपात. मी आबांना विचारले, "दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट?" ते जेवत होते. म्हणाले, "दुप्पट म्हंजे दुप्पटच की. सिंगल देत न्हाईत, एवढं काय कमी हाय व्हय? शेजारच्या शेडात सिंगलच देत्यात."

प्रस्तुत लेख या एका प्रश्नातून निघाला आहे. मी कायद्याचा विद्यार्थी नाही. ग्रंथालयातील कायद्याची जुनी पुस्तके आणि सरांनी दिलेले काही कागद एवढ्याच आधारावर हे लिहितो आहे. आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखी, ज्यांच्या घरात कोणीतरी एमआयडीसीत पाळीला जाते अशी पुष्कळ मुले आहेत. त्यांना हा हिशेब उपयोगी पडेल असे वाटते.

प्रथम थोडा इतिहास सांगणे भाग आहे. जादा कामाला जादा दाम द्यायचा असेल तर 'नेहमीचे काम' किती तासांचे हे आधी ठरले पाहिजे, आणि नेमके तेच आपल्याकडे फार उशिरा ठरले. हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. तो मुख्यतः मुलांपुरता होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, हा त्याचा मुख्य भाग. मोठ्या माणसाने किती तास राबावे याबद्दल त्यात अक्षर नव्हते. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली. आठवड्याची एक सुट्टी मिळायला १८९० साल उजाडले. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांचे काम अकरा तासांपुरते मर्यादित केले, पण पुरुषांचे तास मोकळेच राहिले. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळला की काम थांबते हा निसर्गाचा नियमही गेला. पुरुषांसाठी पहिली मर्यादा १९११ च्या कायद्याने घातली : कापड गिरण्यांत दिवसाला बारा तास.

१९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय श्रम परिषद भरली. तिथे जगासाठी दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास असा करार झाला. जादा वेळेचा दर निदान सव्वापट असावा असेही ठरले. हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी त्या परिषदेला गेले होते. मात्र त्याच करारात एक निराळे कलम घालून हिंदुस्थानच्या कारखान्यांना आठवड्याचे साठ तास मान्य केले गेले. इतरांना अठ्ठेचाळीस, आपल्याला साठ! त्याप्रमाणे १९२२ च्या कायद्यात आठवड्याला साठ आणि दिवसाला अकरा तास आले. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांसाठी ते चोपन्न आणि दहावर आणले. अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा आणि जादा कामाला दुप्पट दर या दोन्ही गोष्टी १९४६ च्या दुरुस्तीतून आल्या. ते विधेयक व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले मजूरमंत्री म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मध्यवर्ती विधिमंडळात मांडले होते. राज्यघटनेचे काम त्यांनी नंतर केले. आमच्या गावात त्यांच्या जयंतीला राज्यघटनेवर भाषणे होतात, पण या विधेयकाविषयी मी कधी ऐकले नव्हते. आबांच्या चिठ्ठीतला 'दुप्पट' हा शब्द तिथून आला आहे.

त्यानंतर १९४८ चा कारखाने अधिनियम आला. पुढे सत्याहत्तर वर्षे हाच कायदा चालू होता आणि जून २०२५ च्या चिठ्ठीलाही तोच लागू होता. त्यातील जादा कामाची तरतूद म्हणजे कलम ५९. ते थोडक्यात असे : कामगाराने कोणत्याही दिवशी नऊ तासांपेक्षा जास्त किंवा कोणत्याही आठवड्यात अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त काम केले, तर त्या जादा कामाबद्दल त्याला त्याच्या 'सर्वसाधारण वेतनदराच्या' दुप्पट वेतन मिळण्याचा हक्क आहे.

वाक्य साधे दिसते, परंतु त्यात तीन ठिकाणी अडखळायला होते.

पहिले ठिकाण 'नऊ तास' हे. आपण सगळे आठ तासांची पाळी म्हणतो, मग नववा तास कुठे गेला? या कायद्याप्रमाणे एका दिवसाचा नववा तास केवळ त्या दिवसाच्या हिशेबाने दुप्पट होत नसे, आठवड्याच्या हिशेबाने होऊ शकत असे. समजा एखादा कामगार सोमवार ते शनिवार सहा दिवस रोज नऊ तास थांबला. एकाही दिवशी त्याने नऊची रेघ ओलांडली नाही, पण आठवड्याचे चोपन्न तास भरले. म्हणजे सहा तास दुप्पट दराचे झाले. आता दुसरा कामगार घ्या. तो चार दिवस नऊ तास थांबला, एक दिवस आठ तास, आणि शनिवारी मूल आजारी म्हणून घरी राहिला. त्याचे चव्वेचाळीस तास झाले. दिवसाची रेघ ओलांडली नाही, आठवड्याचीही नाही. त्याच्या चार जादा तासांना कायद्याचा दुप्पट दर लागत नाही. त्या तासांना काय मिळेल ते करारावर किंवा कारखान्याच्या रिवाजावर अवलंबून राहते. या ठिकाणी बरेच कामगार मालकाला शिव्या देतात आणि त्या चुकीच्या ठिकाणी देतात, असे माझे मत झाले आहे.

पण याच कामगाराने चारपैकी एका दिवशी नऊऐवजी बारा तास केले असते, तर आठवडा अठ्ठेचाळीसच्या आत राहूनही त्या दिवसाचे तीन तास दुप्पट झाले असते. कारण कायद्यात 'किंवा' आहे, 'आणि' नाही. "आठवडा भरला नाही, मग ओटी कसली?" असे टाइम ऑफिसमधून सांगितले जाते ते चूक.

रात्रपाळीची एक बारीक गोष्टही येथेच सांगतो. मध्यरात्री तारीख बदलते, म्हणून रात्री दहा ते सकाळी दहा केलेल्या कामाचे दोन तास एका दिवसाचे आणि दहा तास दुसऱ्या दिवसाचे असा हिशेब कोणी मांडू लागला तर तो मान्य करू नये. कलम ५७ प्रमाणे मध्यरात्रीनंतरचे पाळीचे तास आदल्या दिवसातच मोजायचे असत.

दुसरे ठिकाण तासांच्या वरच्या मर्यादेचे. जादा काम कितीही घेता येत नाही. जादा काम धरून दिवसाचे किती तास, आठवड्याचे किती, आणि तीन महिन्यांच्या तिमाहीत एकूण जादा तास किती, अशा तीन कुंपणांत ते बसवावे लागते. मूळ कायद्याच्या कलम ६५ मध्ये, कामाचा अपवादात्मक दाब असताना, तिमाहीला पंचाहत्तर तासांची मर्यादा होती. महाराष्ट्राने स्वतःच्या दुरुस्तीने ती एकशे पंधरावर नेली. कारखान्याचा कायदा केंद्राचा असला तरी श्रम हा विषय समवर्ती सूचीत येतो. त्यामुळे राज्यांना दुरुस्त्या करता येतात, नियम करता येतात आणि अंमलबजावणी तर राज्यांचीच. आबांचे जूनमधले छत्तीस तास म्हणजे बारा दिवस रोज तीन तास. आठवड्याला सत्तावन्न तास होतात आणि तिमाहीला एकशे आठ. म्हणजे हे सर्व मर्यादेच्या आत बसते. येथे मला त्यांच्या कारखान्याचा दोष दिसला नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो.

आता तिसरे ठिकाण, आणि ते सर्वांत महत्त्वाचे. 'सर्वसाधारण वेतनदर' म्हणजे काय? कलम ५९ नेच याची व्याख्या दिली आहे. मूळ वेतन, अधिक कामगाराला त्या वेळी मिळत असलेले भत्ते. स्वस्त दरात धान्य मिळत असेल तर त्या सवलतीची पैशातली किंमतसुद्धा त्यात धरायची. वगळायच्या गोष्टी दोनच : बोनस आणि खुद्द ओव्हरटाइमचे वेतन.

ही व्याख्या मी तीन वेळा वाचली. नंतर चिठ्ठी घेऊन बसलो. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरण्याची रीत आहे. दिवसाचे आठ तास, म्हणजे महिन्याचे २०८ तास. एकूण १५,६०० रुपयांना २०८ ने भागले तर तासाला बरोबर ७५ रुपये येतात. दुप्पट १५०. छत्तीस तासांचे ५,४०० रुपये व्हायला हवेत. चिठ्ठीत होते ३,२४०. मग हा आकडा आला कुठून? ३,२४० ला ३६ ने भागले तर ९० येतात. ९० ची निमपट ४५. आणि ९,३६० ला २०८ ने भागले की ४५! म्हणजे दुप्पट केली होती खरी, पण फक्त मूळ वेतनाची. महागाई भत्ता आणि घरभाडे-प्रवास भत्ता जणू सायंकाळी पाळी सुटताना गेटवर ठेवून, आबा पुढचे तीन तास काम करत होते.

फरक एका महिन्याला २,१६० रुपये. माझ्या या वर्षीच्या पुस्तकांचा आणि एसटीच्या पासचा खर्च त्याहून कमी आहे.

येथे वाचक म्हणतील की हा लबाडीचा सरळ प्रकार आहे, त्यात अभ्यासण्यासारखे काय? मला तसे वाटत नाही. सिंगल दराने पैसे देणारा उघड उघड कायदा मोडतो आणि ते अशिक्षित माणसालाही कळते. पण चिठ्ठीवर 'दुप्पट' छापलेले असते तेव्हा प्रश्न विचारायचे कारणच उरत नाही. आबा चौथी शिकले आहेत. त्यांना गुणाकार येतो. कारखान्यातला मालाचा नग आणि त्याचे वजन ते तोंडी सांगतात. त्यांना येत नव्हती ती एक व्याख्या, आणि ती इंग्रजी पुस्तकाच्या एका पोटकलमात होती. शिवाय मूळ वेतन कमी ठेवून भत्ते वाढवण्याची पद्धत सगळीकडे असल्यामुळे हा फरक लहान राहत नाही. आबांच्या चिठ्ठीत तर प्रत्येक शंभर रुपयांतले चाळीस भत्त्यांचे आहेत.

कामगार नगावर म्हणजे पीस रेटवर असेल तर काय, असे मला एका मित्राने विचारले. त्याच्या घरी माग आहेत. कायद्याने त्याचीही सोय केली होती. आधीच्या महिन्यात त्याच कामावर त्याने पूर्ण वेळ काम केलेल्या दिवसांची सरासरी कमाई काढायची, ओव्हरटाइम सोडून, आणि तोच त्याचा वेळदर समजायचा. म्हणजे "तू नगावर आहेस, तुला कसली ओटी" हेही उत्तर चालत नाही. मात्र आधीच्या महिन्याचे नग कोणी लिहून ठेवले असतील तरच ही सरासरी निघते.

परदेशात हे कसे चालते, याची उत्सुकता म्हणून मी अमेरिकेची पद्धत वाचली. तिथे १९३८ चा संघराज्याचा कायदा आहे. त्यात आठवड्याला चाळीस तासांच्या पुढे दीडपट दर द्यावा लागतो, दुप्पट नव्हे. दिवसाचा हिशेबच नाही. चार दिवस रोज दहा तास केले तर आठवडा चाळीस तासांचा होतो आणि जादा एक पैही मिळत नाही. पण तिथे राज्यांना संघराज्यापेक्षा अधिक देण्याची मुभा आहे, कमी देण्याची नाही. कॅलिफोर्निया राज्यात दिवसाला आठ तासांपुढे दीडपट आणि बारा तासांपुढे दुप्पट दर आहे. तेच चार दिवस तिथे सर्वसाधारण नियमाने आठ तास दीडपटीचे धरतात. गंमत अशी की तिथेही भांडणाचे मूळ तेच : दीडपट कशाच्या? तासाचा नुसता दर की रात्रपाळीचा भत्ता आणि ठरलेला बोनस धरून येणारा दर? तिथल्या कायद्याप्रमाणे कामाच्या करारात कबूल केलेला बोनस त्यात धरावा लागतो. आपल्याकडे बोनस वगळला होता. माणसे बदलतात, समुद्र बदलतो, पण हिशेब कोपऱ्यात त्याच ठिकाणी कुरतडला जातो.

आपल्याकडे मात्र राज्यांनी या अधिकाराचा उपयोग नेहमीच अधिक देण्यासाठी केला आहे असे नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण गुजरातचे. टाळेबंदीच्या काळात, १७ एप्रिल २०२० रोजी, गुजरात शासनाने एक अधिसूचना काढली. कारखान्यांना दिवसाला बारा आणि आठवड्याला बहात्तर तास काम घेण्याची मोकळीक दिली आणि जादा तासांचे वेतन नेहमीच्या दराच्या प्रमाणातच, म्हणजे एकपट, द्यायचे ठरवले. आधार होता कलम ५ चा. 'सार्वजनिक आणीबाणी'त शासनाला कारखान्यांना कायद्यातून सूट देता येत असे. ती मुदत संपल्यावर जुलैत ती पुन्हा वाढवली. गुजरात मजदूर सभा आणि आणखी एक संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायमूर्ती चंद्रचूड, इंदू मल्होत्रा आणि के. एम. जोसेफ यांच्या खंडपीठाने दोन्ही अधिसूचना रद्द केल्या. त्या कलमातली आणीबाणी म्हणजे युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांतता यांमुळे देशाच्या सुरक्षिततेला निर्माण झालेला धोका. साथीमुळे आलेली मंदी त्यात बसत नाही, असे न्यायालयाने ठरवले. शिवाय ज्यांनी त्या काळात जादा काम केले होते, त्या पात्र कामगारांना कलम ५९ प्रमाणे दुप्पट वेतन द्यावे असा आदेश दिला. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर मंदीचा बोजा कोणी उचलायचा हा वाद होता, आणि न्यायालयाने तो कामगाराच्या नवव्या तासावर टाकू दिला नाही.

आता नव्या कायद्याकडे वळतो, कारण हा अंक हाती पडेल तेव्हा वाचकांना तोच उपयोगी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९४८ च्या अधिनियमाची जागा व्यवसायसुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थितीविषयक संहितेने घेतली. त्याच्या आधी, सप्टेंबर २०२५ मध्ये, आपल्या राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाचे कमाल तास नऊवरून बारापर्यंत आणि तिमाहीचे जादा तास एकशे पंधरावरून एकशे चव्वेचाळीसपर्यंत नेण्यास मंजुरी दिली होती. त्यावर वर्तमानपत्रांत बरीच चर्चा झाली. ती सगळी तासांवर झाली, दरावर फारशी नाही.

संहितेत चांगल्या गोष्टी आहेत, त्या प्रथम सांगतो. दिवसाचे काम आठ तासांचे असे तिने म्हटले आहे. जादा कामाला दुप्पट दर कायम आहे. दिवसाच्या हिशेबाने किंवा आठवड्याच्या हिशेबाने, यांतला जो कामगाराला फायद्याचा तो धरायचा, हेही स्पष्ट लिहिले आहे. कामगाराच्या संमतीशिवाय जादा काम घेता येत नाही. (संमती कशी घेतली जाते हा वेगळा विषय आहे. आबांना मी विचारले तेव्हा ते नुसते हसले.) वेतनसंहितेप्रमाणे थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. पूर्वीच्या वेतनप्रदान अधिनियमात ही मुदत एकच वर्ष होती. दावा कामगार स्वतः करू शकतो, त्याची संघटनाही करू शकते, आणि थकलेल्या रकमेखेरीज तिच्या दहा पटींपर्यंत नुकसानभरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे.

पण 'दुप्पट कशाच्या' या माझ्या प्रश्नाचे उत्तर बदलले आहे. संहितांनी 'वेतन' या शब्दाची एकच व्याख्या केली. तीत मूळ वेतन आणि महागाई भत्ता येतात. घरभाडे भत्ता आणि प्रवास भत्ता वगळले आहेत. वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या, तर वरचा भाग पुन्हा वेतनात धरायचा. भत्ते फुगवून मूळ वेतन खाली ठेवण्याला यामुळे आळा बसेल असे सांगितले जाते आणि फंड, ग्रॅच्युइटी यांच्या बाबतीत ते बरोबर असावे. पण ओव्हरटाइमचे काय? मी पुन्हा आबांची चिठ्ठी घेतली. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १३,२६० रुपये. वगळलेले भत्ते २,३४०, म्हणजे एकूणाच्या पंधरा टक्के. निम्म्यापेक्षा पुष्कळ कमी, त्यामुळे परत काही मिळवायचे नाही. १३,२६० भागिले २०८ म्हणजे तासाला ६३ रुपये ७५ पैसे. दुप्पट १२७ रुपये ५० पैसे. छत्तीस तासांचे ४,५९० रुपये.

तीन आकडे एकाखाली एक लिहून पाहिले. कारखान्याने दिले ३,२४०. जुन्या कायद्याने द्यायला हवे होते ५,४००. नव्या व्याख्येने तेच काम केले तर ४,५९०. म्हणजे आता मिळते त्यापेक्षा नवा कायदा आबांना १,३५० रुपये अधिक देतो, आणि जुन्या कायद्याने जे मिळायला हवे होते त्यापेक्षा ८१० रुपये कमी. नवा कायदा कामगाराच्या फायद्याचा की तोट्याचा, असे परीक्षेत विचारले तर मी काय लिहावे? ज्याला पूर्वीपासून योग्य हिशेबाने मिळत होते त्याच्या तोट्याचा, आणि ज्याला कधीच मिळाले नाही त्याच्या फायद्याचा, पण तेही मागितले तरच. संहितेचे शब्द मला लागले तसे मी वाचले आहेत. कायद्याच्या प्राध्यापकांनी माझी चूक दाखवली तर मी आनंदाने दुरुस्त करीन. हा हिशेब चुकीचा ठरला तर आमचेच ८१० रुपये वाचतील.

सरांना हे सर्व दाखवले तेव्हा त्यांनी दोन सूचना केल्या. हजेरीचे तास स्वतःच्या वहीत रोजच्या रोज लिहून ठेवावेत, कारण दाव्याच्या वेळी कारखान्याचे मस्टर कारखान्याच्या हातात असते. आणि चिठ्ठ्या कधीही फेकू नयेत. दुसरी सूचना आमच्या घरात बिस्किटांच्या डब्याने आधीच पाळली होती.

आबांना मी हिशेबाचा कागद दिला त्या रात्री ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एकोणीस वरसं झाली की रं." मी लगेच सांगितले की एकोणीस वर्षांचे आता मागता येत नाहीत. त्यावर ते म्हणाले, "मागायचं कोण म्हणतंय? तू कागद लिही, नीट मराठीत लिही, माझं नाव नको घालू." मी 'कलम', 'व्याख्या', 'पोटकलम' हे शब्द काढून एक पान लिहिले. चिठ्ठीचा कोणता आकडा कुठे घालायचा, कशाने भागायचे, दोनने कधी गुणायचे, एवढेच त्यात ठेवले. त्यांनी ते घडी घालून जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवले. कारखान्यात पुढे काय झाले ते मला विचारू दिले नाही. आईला मात्र म्हणाले की पान परत आले तेव्हा त्याच्या घडीवर काळ्या वाळूचे डाग होते आणि मागच्या बाजूला तीन निरनिराळ्या हातांनी भागाकार केलेले होते.

गेल्या रविवारी फेटलिंगमधले एक काका स्वतःच्या चिठ्ठ्या घेऊन घरी आले. ते ठेकेदाराकडे आहेत. त्यांच्या चिठ्ठीत मूळ वेतन आणि महागाई भत्ता वेगवेगळे दाखवलेलेच नाहीत. सगळी मिळून एक रक्कम आहे आणि ओव्हरटाइम 'इतर' या रकान्यात टाकला आहे. तास किती ते कुठेच लिहिलेले नाही. आम्ही दोघांनी मिळून त्यांच्या आठवणीतून मे महिन्याच्या पाळ्या लिहून काढल्या. एकवीस तारखेपर्यंत आलो आहोत.